जिभांनी झिजलेला काठ

पहिल्यांदा ती त्याला सुंदर वाटली. पुढे कितीतरी दिवस गहिनीनाथाला स्वतःचा जो संताप येत राहिला तो मुख्यतः याचाच, की ओळख पटण्यापूर्वी, पापणी लवावी एवढ्या अवधीत का होईना, त्याच्या नजरेने तिला दाद दिली होती. नगरबाहेर केडगावजवळ, पुणे रस्त्याला लागून, आसारामभाऊ ठेकेदारांचा नवा बंगला उभा राहिला होता. फाटकापासून पायरीपर्यंत लाल मुरूम अंथरलेला, आणि पायरीच्या डाव्या अंगाला काळ्या पाषाणाची एक लांबट डोणी, तीत क्रोटनची तांबूस-पिवळी रोपे दाटीने लावलेली. वर्ष दुष्काळाचे होते. शहरातल्या नळांना दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेने पाणी येत होते. आणि इथे पानापानावर थेंब होते. काळा दगड, ओली पाने, चैत्रातले तिरपे ऊन. ‘काय शोभते आहे!’ असे शब्द त्याच्या मनात उमटलेसुद्धा. मग नजर काठावर गेली. डोणीचा एक लांब काठ मधोमध खोलगट झिजला होता, म्हाताऱ्या गाईच्या पाठीसारखा. आणि समोरच्या काठावर, घागरीचे पोट टेकावे एवढी, एक गुळगुळीत खळगी होती. गहिनीनाथ थबकला. वहाण काढण्यासाठी त्याचा उजवा पाय आपोआप उचलला गेला होता. मनाच्या आधी पायाने ओळखले होते.

ती मोरदऱ्याच्या डोंगरावरची डोणी होती. गर्भगिरीच्या रांगेत, एस.टी.तून उतरल्यावर पुढे पायीच जावे लागते असे मोरदरा हे त्याचे गाव. आणि गावाच्या माथ्यावर नाथाचा डोंगर. त्या डोंगरावर कुऱ्हाड जात नसे, बंदूक जात नसे, कुत्रेदेखील जात नसे. फलक नव्हता, पहारा नव्हता. ‘वर नाथाचं हाय’ एवढ्या बोलण्याच्या आधारावर मोर, हरणे, ससे, साळिंदरे, खोकड आणि एखाददुसरे तरस तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले होते. होळी झाली की वरची टाकी आटत, आणि मग मृगाचा पाऊस पडेपर्यंत गावातल्या एकेका घराने पाळीपाळीने खालचे पाणी वर नेऊन ती डोणी भरायची. पाळी प्रत्येक घराला होती. ओढ्यापलीकडच्या ज्या घरांनी पुढे धम्मदीक्षा घेतली त्यांनी नाथ सोडला, पण पाळी सोडली नाही. ‘आमी देवाला न्हाई, जनावराला पाजतो’ असे ते म्हणत. गहिनीनाथाच्या लहानपणी खाली गावात आड वेगवेगळे होते, ही गोष्ट आठवली की त्याची मान आजही खाली जाई. वर डोणीत मात्र सगळ्यांचे पाणी एक होत असे. भरण्याची रीत ठरलेली होती. माथ्यावर पोचताच वहाणा काढायच्या. बोलायचे नाही. पाणी ओतून झाले की ओला तळवा काठावरून एकदा सगळीकडे फिरवायचा, आणि मागे वळून न पाहता उतरू लागायचे. ‘माणसाची नजर पान्यात ऱ्हायली तर जनावर पीत न्हाई,’ असे राहीआत्या म्हणायची. तो प्रथम वर गेला तेव्हा वडिलांनी, रखमाजींनी, उतरताना त्याच्या मानेवर हात ठेवला होता. मागे लपलप असा हलका आवाज झाला. कुठलीतरी जीभ पाण्याला लागली होती. त्याची मान वळू पाहत होती आणि वडिलांची बोटे ती वळू देत नव्हती. त्या दोन ओढींमधला तो थरार त्याला पुढे कोणत्याही देवळात मिळाला नाही. संस्कृत शिकला, नगरच्या शाळेत शिक्षक झाला, ‘पावन’ या शब्दाचा अर्थ मुलांना फळ्यावर समजावून सांगितला. परंतु प्रत्येक वेळी मानेवर ती बोटे जाणवली.

“या, या, गुरुजी! दारातच का थांबलात?” आसारामभाऊ पायरीवर आले होते. पांढरे स्वच्छ धोतर, हातात घड्याळ, चेहऱ्यावर समाधान. “डोणी बघताय व्हय? बघा, बघा. येणारा जाणारा तिथंच अडकतो. परवा पुण्याचे पाहुणे आले हुते, फोटो काढून घेऊन गेले.”

“कुठली ही?” आपला आवाज साधा कसा राहिला याचे गहिनीनाथाला नवल वाटले.

“तुमच्याच अंगाची, डोंगरातली. होळीच्या सुमाराला खडीच्या कामावर गेल्तो, सहज वर चढून बघितलं तर ही पडलेली. नुसती पडलेली हो! जनावरं तोंड घालीत हुती तिच्यात.”

“आणि लोकांनी दिली?”

“तिथंच तर गंमत हाय.” आसारामभाऊंनी त्याचा दंड धरून त्याला खुर्चीकडे नेले. “आधी पैसे देतो म्हणालो, तर एक म्हातारी म्हणती, ‘नाथाची वस्तू इकाय आमी काय मालक हाय का?’ मग आमच्या मुकादमानं कानात सांगितलं, भाऊ, हितं नाथाच्या नावानं मागायचं असतं. राह्यलो उभा देवळापुढं. म्हणलं, अलख निरंजन, नाथाच्या नावानं ही डोणी मला द्या. झालं! एक शब्द न्हाई कुणाचा. सगळी खाली मान घालून उभी. आणि वर ट्रकात चढवायला त्यांनीच हात लावला, बोला! भोळी माणसं, गुरुजी. लई भोळी.”

चहा आला. बोलणे मानपत्राकडे वळले. गहिनीनाथाला बोलावले होते ते त्यासाठीच. जंगली जनावरांच्या रक्षणाचा नवा कायदा गेल्या वर्षी झाला होता, शहरातल्या प्रतिष्ठितांनी एक वन्यप्राणी-रक्षण समिती काढली होती, आसारामभाऊ तिचे अध्यक्ष झाले होते, आणि येत्या रविवारी त्यांचा सत्कार व्हायचा होता. “मानपत्र संस्कृतात पाहिजे,” ते म्हणाले. “कुणाला कळलं न्हाई तरी चालंल. वजन पडतं. मुक्या जनावरांवर आमचं पहिल्यापासून प्रेम, असं काहीतरी येऊ द्या.” गहिनीनाथ मान हलवत होता. समोर माळी झारीने क्रोटनला पाणी घालत होता. पाणी पानांवरून ओघळून डोणीच्या मातीत जिरत होते, आणि त्या मातीच्या बुडाशी, जिथे तरसाचे, सशाचे, हरणाचे मुख टेकत आले होते त्या दगडाला, आता फक्त मुळांचा स्पर्श होत होता. उठून त्या माणसाच्या अंगावर जावे असे त्याला वाटले. तो उठला नाही. त्याने चहा प्यायला. कपाच्या तळाशी राहिलेली साखरसुद्धा, सवयीने, कप हलवून प्यायला.

केडगावपासून माळीवाड्यातल्या घरापर्यंत तो पायी आला. टांगेवाल्याने हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही. रागाला एक जागा सापडत नव्हती. सावलीसाठी फिरणाऱ्या गुरासारखा तो या झाडाखालून त्या झाडाखाली जात होता. आधी आसारामवर होता. मग त्या मुकादमावर गेला, ज्याने गावाचे मर्म जाणून ते कानात सांगितले. मग, एका ओसाड बारवेजवळून जाताना, तो एकदम गावावर उलटला. ही कसली श्रद्धा, जी चोरालाही पाट मांडते? नाथाच्या नावाने मागितलेले नाकारायचे नाही, ही मोरदऱ्याची रीत त्याला ठाऊक होती. एका जोग्याने मागितली म्हणून रखमाजींनी दावणीची दुभती शेळी सोडून दिलेली त्याने पाहिली होती, आणि आई त्या संध्याकाळी दुधाशिवायच्या चुलीपुढे गप्प बसलेली पाहिली होती. ‘मागनारा खोटा असला तर पाप त्याचं, आपन न्हाई म्हनलं तर पाप आपलं,’ वडील म्हणाले होते. त्याला तेव्हा ते वचन स्मृतिग्रंथात शोभेल असे वाटले होते. पुढे त्याने त्याच्याशी जुळणारी वचने शोधूनही काढली होती. आता त्याच्या ध्यानात येत होते की ती रीत ज्या जगासाठी घडली त्या जगात मागणाराही भीत असे. नाथाचे नाव उच्चारताना ज्याची जीभ जराही अडखळत नाही असा माणूस त्या रीतीच्या कर्त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आणि त्या माणसाच्या गळ्यात घालायचा हार आपण गुंफायचा! देवांची म्हणून जी भाषा तो स्नान करून शिकला, जिच्या एकेका प्रत्ययासाठी त्याने गुरूंच्या घरी पाणी भरले, ती आता वजन पाडण्यासाठी हवी होती. कळली नाही तरी चालेल म्हणून हवी होती.

संध्याकाळी तो कोरा कागद घेऊन बसला. वीस वर्षांत प्रथमच त्याला एक साधा अनुष्टुभ जुळेना. पहिल्या चरणावरच लेखणी थांबे, आणि कानात माळ्याच्या झारीचा आवाज येई.

“चुलीवरचं दूध नासल्यागत तोंड झालंय,” त्याची बायको रतनबाई निवडायचे ताट घेऊन समोर बसत म्हणाली. “काय झालं?”

त्याने सांगितले. ऐकताना तिचा हात ताटात थांबला. तीही डोंगरपट्ट्यातलीच, सासरच्या घराची पाळी तिनेही डोक्यावर वाहिली होती.

“मग तुमी काय बोललात त्याला?”

“चहा प्यायलो.”

रतनबाईने ताटातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. “त्यानं मागून आनली ना? मग तुमी मागा की. नाव नाथाचं, गाव नाथाचं. का मास्तर झाल्यापास्नं झोळी धरायची लाज वाटती?”

लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुणे रस्त्याने जाताना खांद्यावरची ती झोळी त्याला ओल्या घोंगडीसारखी जड झाली होती. आपल्या लाजेचाही त्याला राग आला. लुटणाऱ्याला जी वाटली नाही ती मागणाऱ्याला का वाटावी? फाटकापाशी त्याने वहाणा काढल्या. डोणी पंधरा पावलांवर होती आणि तिच्यासमोर पायात वहाणा ठेवणे त्याला जमले नाही. “अलख निरंजन!” तो ओरडला. आवाज चिरका आला. आतून एक वृद्ध स्त्री सुपात ज्वारी घेऊन बाहेर आली; आसारामभाऊंची आई, बनुबाई. पायांत जाड वाळे, डोक्यावरून पदर, आणि नव्या बंगल्याच्या फरशीवर जपून पडणारी पावले.

“घे, बाबा.”

“आई, दाणे नकोत,” गहिनीनाथ म्हणाला, आणि त्याच्या तोंडून आपसूक घरची बोली येऊ लागली. “नाथाच्या नावानं ही डोणी द्या. मोरदऱ्याच्या डोंगरावरची हाय. मुकी जनावरं पानी पीत हुती हिच्यात. आमचं सारं गाव आपली तहान मारून ही भरत हुतं.”

बनुबाईने डोणीकडे पाहिले. जणू आजवर ती तिच्यावरून नजर फिरवत आली होती आणि आता प्रथम ती दिसली. काठावरच्या खळगीवर तिने हात ठेवला. मग सूप तसेच पायरीवर आपटले.

“आश्या! आरं ए आश्या! भाईर ये, मुडद्या! मला म्हनलास इकत आनली!”

आसारामभाऊ गळ्यात टॉवेल अडकवून बाहेर आले. “काय झालं, आई? आगं, गुरुजी हायत ते. मस्करी करत्यात.”

“मस्करी? नाथाच्या नावानं मागतोय त्यो दारात. तुझा बाप दर साली मढीच्या नाथाला पायी जायचा. आता न्हाई म्हन बघू. म्हन की! माज्या म्होरं म्हन!”

आसारामभाऊ क्षणभर जमिनीकडे पाहत राहिले. मोरदऱ्याची माणसे अशीच पाहत राहिली असतील, गहिनीनाथाच्या मनात आले, आणि त्याला एक क्रूर आनंद झाला. पण तो क्षणभरच टिकला. आसारामभाऊंनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर कालचेच समाधान परतले होते.

“न्या की, गुरुजी. आमचाच ट्रक देतो, माणसं देतो. फक्त एक करा. मानपत्रात या डोणीवर एक श्लोक वाढवा. दुष्काळात मुक्या जनावरांची तहान जाणून आसारामभाऊंनी काय केलं, ते येऊ द्या त्यात. तेवढं लिहाल ना?”

सारे गाव तहान मारून जी भरत होते ती डोणी. आणि तिच्या बदल्यात एक खोटा श्लोक. बत्तीस अक्षरे. न लिहावा तर पहिला पाऊस येईपर्यंत वर पाणी नाही.

“लिहीन,” तो म्हणाला. स्वतःचा शब्द त्याच्या कानांना परक्या माणसाच्या उच्चारासारखा लागला.

ट्रकमध्ये तो डोणीजवळच बसला. क्रोटन उपटून काढले होते. माती मात्र चिकटून होती, आणि वाटभर तो ती बोटांनी खरवडत राहिला. दोन्ही बाजूंना दुष्काळी कामे चालली होती. माणसे रांगेने बसून खडी फोडत होती, बायका पदराने धूळ झाडून पोटाला मिळणाऱ्या सुकडीच्या रांगेत उभ्या राहत होत्या. अशा वर्षी जे गाव आपल्या घागरीतले पाणी डोंगरावर नेते त्याला भोळे म्हणायचे! भोळे! तो शब्द त्याने दातांखाली धरला. खडीच्या कामासाठी पाडलेल्या कच्च्या वाटेने ट्रक येताना पाहून पायथ्याशी गावातले पुरुष जमले होते. आडव्या बल्लीला दोर बांधून त्यांनी डोणी खांद्यांवर घेतली आणि कोणी एक शब्दही न बोलता चढू लागले. माथ्यावर राहीआत्या बसली होती. वयाने वाकलेली, पण जीभ तशीच ताठ.

“आलास व्हय, गहिन्या? मला वाटलं, नगरचं पानी लागलं, आता डोंगराची वाट इसरलास.”

बोलायचे नाही हा नियम डोणी भरतेवेळचा होता, आणि डोणी अजून जागेवर बसली नव्हती. त्याने सगळा राग तिच्यावर ओतला. “आत्या, तुमी दिलीच कशी? चोर हुता त्यो!”

“हुता की. आमाला काय डोळं न्हाईत?”

“मग?”

“त्यानं नाव कुनाचं घेतलं? नाथाचं. आता त्याचं त्यो आन नाथ बघून घेतील. आमी आमची पाळी मोडली न्हाई.”

तिने बोटाने दाखवले तिकडे त्याने पाहिले. डोणी जिथे होती त्या खडकावर एक लांबट फिकट ठसा राहिला होता, आणि तो ठसा ओला होता. त्याला कळायला वेळ लागला. डोणी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्या घराची पाळी होती ते घर घागर घेऊन वर आले होते आणि त्याने रिकाम्या जागेवर पाणी ओतले होते. त्यानंतरच्या घरानेही. खाली आडाच्या तळाशी वाटीने खरवडून घागर भरत होते, आणि ती इथे आणून उघड्या दगडावर ओतत होते, काठ नसलेल्या हवेवरून ओला तळवा फिरवत होते, मागे न पाहता उतरत होते.

“फटीत जातं समदं,” राहीआत्या म्हणाली. “हरनं येऊन दगूड चाटीत्यात. दोन खाली उतरली खडीच्या कामावर, पान्याच्या वासानं. कुत्र्यांनी फाडली.”

हे तिने इतक्या सपाट स्वरात सांगितले की गहिनीनाथाला तिचाही राग आला. आणि मग, तिच्या हनुवटीचा कंप दिसला तेव्हा, उरला नाही.

पुरुषांनी डोणी ठशावर बसवली. ती आपल्या जागी बसल्याचा जड, ओळखीचा आवाज झाला. कोणीतरी घागर रिती केली. पाणी पसरले, दगड काळा झाला, सगळ्यांचे चेहरे वाकले. आणि त्यांच्या देखत पाणी उतरू लागले. बुडाखालून एक बारीक ओहोळ निघून फटीकडे चालला. गहिनीनाथाने गुडघे टेकून आत हात घातला. चिखलाखाली त्याच्या बोटाला भोक लागले. गोल, अंगठ्याएवढे, छिन्नीने नीट पाडलेले. कड अजून पांढरी, ताजी. रोपांची मुळे पाणी साचून कुजू नयेत म्हणून. कोणी द्वेषाने नव्हते पाडले. काळजीने पाडले होते, क्रोटनच्या काळजीने. कितीतरी पिढ्यांच्या तहानेने जो दगड काठावर झिजवला होता पण बुडाशी कधी भेदला नव्हता, त्यातून बंगल्यावरच्या माणसांनी पाणी वाहून जायची वाट केली होती. त्याचे बोट त्या भोकात तसेच राहिले. बोट होते तोवर पाणी थांबत होते. आणि माणूस बसलेला असताना कोणते जनावर पाण्याला येणार?

“ऊठ,” राहीआत्या म्हणाली. “पळसाची खुटी मारू, वर चिकनमाती लिपू. पान्यानं खुटी फुगती. रोज बघावी लागंल तेवढी. ज्याची पाळी त्यानं बघायची.”

“आज कुनाची पाळी?”

“तुज्या घराची. तू गेल्यापास्नं मीच भरतीया.”

खुंटी ठोकली गेली. गहिनीनाथ खाली उतरला, घागर घेऊन पुन्हा चढला, आणि बाकीची माणसे दूर गेली. घागरीचे पोट त्या खळगीत बरोबर बसले. पाणी चढले, आणि राहिले. पुरते नाही, बुडाशी एक थेंब सावकाश फुगत होता आणि गळत होता, पण राहिले. त्याने ओला तळवा काठावरून फिरवला. जिभांनी झिजवलेल्या त्या खोलगट भागावर तो किंचित रेंगाळला. मग त्याने डोणीकडे पाठ केली.

उताराच्या पहिल्या वळणावर श्लोक आला. न बोलावता आला, रागातून सरळ उभा, एकही मात्रा न ढळलेला, जसा काल संध्याकाळभर शोधूनही आला नव्हता. *जलपात्रस्य यो मूले छिद्रं चक्रे स पूज्यते।* पाण्याच्या पात्राला बुडाशी ज्याने भोक पाडले, त्याची पूजा होत आहे. पुढची ओळही मागोमाग येत होती, तिची पावले त्याला ऐकू येत होती. डोणीवर श्लोक लिहीन, असे तो म्हणाला होता. आणि मोरदऱ्याचा माणूस शब्द मोडत नाही. रविवारी तो उभा राहून श्लोक म्हणणार होता, स्पष्ट, पदच्छेद करून. कोणाला कळले नाही तरी चालेल असे आसारामभाऊ म्हणाले होते. तेवढे मात्र तो ऐकणार नव्हता. त्या श्लोकाचा अर्थ तो मराठीतून सांगणार होता, सावकाश, वर्गात सांगतो तसा. आणि पुढच्या रांगेत बनुबाई असेल तर तिच्याकडे पाहून पुन्हा एकदा, तिच्या बोलीत. त्याने काय होईल याचा विचार त्याने केला नाही. नोकरीचा विचार मनात आला आणि पायांखालच्या मुरुमासारखा घसरून मागे गेला.

मागे, वरच्या अंगाला, पाण्याला जीभ लागल्याचा आवाज झाला.

मान वळू पाहत होती. मानेवर आता कोणाची बोटे नव्हती. गहिनीनाथ उतरत राहिला. ओठ तेवढे हलत होते.